सर हंफ्री डेव्ही व कोळसा झालेल्या पोथ्या

खाणीतील मजुरांसाठी १८१५ साली केलेल्या दिव्यामुळे सर हंफ्री डेव्ही यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यांच्या चरित्रातील एक भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास पेन्झन्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. ते १७९४ साली वारले, तेव्हा मुलाने एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली, व तेथे त्यास रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे १८०७ साली त्यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम वेगळे केले, आणि क्लोरीन हे संयुग नसून मूलद्रव्य आहे, असे १८१० साली दाखविले. ह्या क्लोरीनचेच पुढे काम आहे.

इटलीतील हर्क्युलेनियम नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात गडप झाले. तेथील एका वाड्यात १७५२ च्या सुमारास पापायरसवर लिहिलेल्या शेकडो पोथ्यांच्या गुंडाळ्या सापडल्या. उष्णतेने काळ्या पडून व वरच्या भाराने दबून त्यांचा जणू कोळसाच झाला होता. उलगडू जावे तर हाती भुगा येई. पियाजिओ नामक पाद्र्याने दोऱ्यांनी एकेक पदर उचलणारे यंत्र केले होते, परंतु त्यास फार काळ लागे.

डेव्ही यांनी विचार केला, की शाई काजळीची, म्हणजे कार्बनची आहे, व क्लोरीन कार्बनास बाधत नाही. तेव्हा त्या वायूने पदर सुटतील, अक्षरे मात्र शाबूत राहतील. तर्क किती सरळ! १८१८ साली ते इटलीस गेले. नेपल्स येथे त्यांनी तेवीस गुंडाळ्या अंशतः उलगडल्या. तथापि हाती बहुधा तुकडेच आले. संग्रहालयाचे रक्षक अडथळे आणतात असे वाटून १८२० साली त्यांनी ते काम सोडिले. आम्हांस त्या रक्षकांचा सर्वस्वी दोष दिसत नाही, कारण एकदा फुटलेला पदर पुन्हा सांधता येत नसतो. १८२१ साली डेव्ही यांनी आपल्या प्रयोगांचा वृत्तांत छापिला, आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे ते निवर्तले.

ज्या कार्बनी शाईवर त्यांची भिस्त होती, तीच पुढे क्ष-किरणांना आडवी आली. कारण कोळसा झालेला पापायरसही कार्बनच, दोहोंत भेद दिसेना. अखेर २०२३ साली गणकयंत्राच्या साहाय्याने एका न उघडलेल्या गुंडाळीतील एक ग्रीक शब्द वाचता आला. त्याचा अर्थ जांभळा.