खंजिरीच्या तालावर गावं जागवणारा माणूस : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

लालबर्रा (जि. बालाघाट) : आपल्या भागातल्या माणसाला एका दिवसात तीन भाषा लागतात. घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि नागपूर-गोंदियाकडच्या सोयऱ्यांशी मराठी. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, त्याआधी बालाघाट आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. पुढं नकाशावर रेघ पडली, पण काही गोष्टी त्या रेघेला जुमानत नाहीत. भजन ही त्यातलीच एक. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत तितक्याच सहजतेनं भजनं रचून, हातात फक्त खंजिरी घेऊन ज्यांनी गावंच्या गावं हलवली, ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोपंत शिवणकाम करायचे, आईचं नाव मंजुळाबाई. घरची परिस्थिती बेताचीच. शाळेत माणिकचं मन काही रमलं नाही आणि प्राथमिक इयत्तांतच शिक्षण सुटलं. कीर्तन-भजन कुठंही असो, पोरगं तिथं हजर. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. माणिकचा तुकड्या त्यांनीच केला, असं परंपरा सांगते. भजन म्हणायचं आणि लोक देतील त्या भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढायचा, म्हणून तुकड्या. पुढं सारा देश त्यांना याच नावानं ओळखू लागला, पण स्वतःच्या रचनांत ते शेवटपर्यंत तुकड्याच राहिले.

तरुणपणी ते घर सोडून रानात गेले. रामदिघी, सालबर्डी अशा जंगलांत ध्यानधारणा केली. यातलं सालबर्डी आपल्याला जवळचं वाटावं असंच गाव आहे. त्याचा एक भाग अमरावती जिल्ह्यात तर दुसरा मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात येतो. याच ठिकाणी 1935 मध्ये त्यांनी मोठा महारुद्र यज्ञ केला आणि लाखांवर लोक जमले, असं सांगितलं जातं. त्या काळात ना ध्वनिक्षेपक गावोगाव होते, ना गाड्या. लोक बैलबंडीनं आणि पायी आले. एवढी गर्दी जमल्यावर एखादा बुवा स्वतःचा मठ बांधून सुखानं बसला असता. महाराजांनी उलटी वाट धरली. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी इथं त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला आणि ध्यानाला बसलेला माणूस गावाच्या कामाला लागला.

1936 मध्ये महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. तिथं ते सुमारे महिनाभर राहिले. सूतकताई, सफाई, सामुदायिक प्रार्थना हे सगळं जवळून पाहिलं. त्यानंतर त्यांच्या भजनांत देवासोबत गाव आलं, स्वच्छता आली, अस्पृश्यता मोडण्याची हाक आली आणि देशाचं स्वातंत्र्यही आलं.

त्यांच्या गाण्यात असं होतं तरी काय? खंजिरी म्हणजे कातडं मढवलेलं, कडेला चकत्या लावलेलं, एका हातात मावणारं वाद्य. पेटी-तबल्याचा थाट नाही की रागदारीचा पसारा नाही. चाल सोपी, एकदा ऐकली की दुसऱ्या कडव्याला समोरचा सोबत म्हणायला लागतो. शब्द रोजच्या बोलण्यातले. ज्याला अक्षरओळख नाही तो शेतकरी, मजूर, घरातली बाई, कुणालाच अर्थ विचारावा लागत नव्हता. आणि बसायची शिस्त कडक. लोकांनी रांगेत बसायचं, गोंधळ करायचा नाही, जातीनुसार वेगळं बसायचं नाही. तेव्हाच्या गावात सगळ्या जातींची माणसं एका ओळीत बसणं हीच केवढी मोठी गोष्ट होती! भाषणानं जे जमलं नसतं ते भजनाच्या बैठकीत होऊन गेलं.

या गाण्याची खरी परीक्षा झाली 1942 मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर, वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, अमरावती जिल्ह्यातलं बेनोडा या पट्ट्यात महाराजांचा मोठा भक्तवर्ग होता. झाडं-दगडंसुद्धा लढायला उठतील अशा अर्थाचं त्यांचं एक भजन लोकांच्या तोंडी होतं. ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलनाची ठिणगी पडली आणि 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी पेटली. गोळीबार झाला, तरुण पोरं मेली. जमावानं सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले. मग चिमुरात फौज उतरली. गावानं, विशेषतः बायाबापड्यांनी जे सोसलं त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपवास केला. अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यांचे जीव वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं.

सरकारला महाराजांच्या हातात शस्त्र सापडलं नव्हतं, सापडली ती खंजिरी. तरीही ऑगस्टच्या शेवटी चंद्रपूरला त्यांना अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरमध्ये सोडलं. भजन म्हणणाऱ्या माणसाला राज्यकर्त्यांनी एवढं भ्यावं, यातच त्या गाण्याचं वजन कळतं. पण गाण्यानं पेटलेल्या माणसांना त्याची किंमतही मोजावी लागली, हे चिमूरच्या घराघरानं पाहिलं. बाहेर आल्यावर महाराजांनी आपला जोर संघटनेवर आणि गावाच्या उभारणीवर लावला. जागा झालेला माणूस घरी जाऊन पुन्हा झोपू नये, त्याच्या हाताला काम असावं, ही त्यामागची धडपड होती.

श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. पहाटे ध्यान, मग गावसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम ठरला. रस्ते झाडणं, श्रमदान, दारूबंदी, कमी खर्चातली लग्नं, हुंड्याला विरोध, मुलींचं शिक्षण हे विषय मंडळांनी हाती घेतले. या सगळ्या विचाराचं पुस्तक म्हणजे 1955 ची ग्रामगीता. 41 अध्याय आणि 4675 ओव्या. ओवी छंद जुना, पण त्यात गावचा आराखडा, शेती, आरोग्य, निवडणूक, ग्रामोद्योग असे विषय आहेत. पोथीसारखी वाचावी आणि नांगरासारखी वापरावी, असं हे पुस्तक.

त्याच वर्षी जपानमध्ये जागतिक धर्म परिषद झाली. तिथंही ते खंजिरी घेऊन गेले. भाषा न कळणाऱ्या परदेशी प्रतिनिधींसमोर त्यांनी आपलं भजन म्हटलं. 1956 मध्ये भारत साधू समाजाची स्थापना झाली आणि पहिलं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. राष्ट्रसंत हे बिरुद त्यांना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडून मिळालं. 1962 चं चीन युद्ध आणि 1965 चं पाकिस्तान युद्ध या दोन्ही वेळी ते सीमेवर जवानांना धीर द्यायला गेले. तिथं त्यांची हिंदी भजनं कामी आली. मराठी संतानं हिंदीत का रचावं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. समोर बसलेल्याला जी भाषा कळते, ती आपली. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी कर्करोगानं त्यांना गाठलं. 11 ऑक्टोबर 1968 रोजी गुरुकुंज मोझरी इथं त्यांचं निधन झालं. वय होतं 59. 1993 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं आणि 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्याची शाळा प्राथमिकलाच सुटली, त्याच्या नावाची पदवी आज हजारो पोरं घेतात.

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरीत पुण्यतिथी असते. महाराष्ट्रातून आणि आपल्या मध्य प्रदेशातूनही दिंड्या, पालख्या, खंजिरी मंडळं येतात. दिवसभर भजनांचा गजर चालतो. मात्र दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळं थांबतं. लाखो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात आणि महाराजांना श्रद्धांजली वाहतात. लालबर्राहून सिवनीमार्गे नागपूर आणि तिथून अमरावतीच्या रस्त्यानं मोझरी गाठता येते. ज्यांनी ही भजनं फक्त लाऊडस्पीकरवर ऐकली आहेत, त्यांनी एकदा तरी त्या दिवशी तिथं जाऊन यावं.