नळाच्या पाण्याचा धडा

सलाइनच्या बाटलीवरील ‘रिंगर लॅक्टेट’ हे नाव पुष्कळ पालकांनी रुग्णालयात वाचले असेल. त्यातील रिंगर म्हणजे डॉ. सिडनी रिंगर. इंग्लंडमधील नॉर्विच येथे १८३५ साली ते जन्मले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात ते रुग्ण तपासत आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवीत.

बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणावर बराच वेळ धडधडत राहते, असे त्यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. मग ध्यानात आले, की साहाय्यकाने द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमच ते चालवीत होते! दुसरा एखादा गप्प बसला असता. विद्यार्थी मित्रांनो, रिंगरांनी ही चूक १८८३ मध्ये स्वतःच छापून जाहीर केली.

आतड्यालाही कॅल्शियमवाचून चालत नाही. अन्न पुढे ढकलताना आतड्याच्या स्नायुपेशीत कॅल्शियम शिरते, काही पेशीतल्याच साठ्यातून सुटते. ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटले, की एक विकर जागे होऊन मायोसिनला फॉस्फेट जोडते आणि स्नायू आकसतो. पेशीने कॅल्शियम उपसून टाकले, की तो सैल पडतो. रिंगरांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. कॅल्मोड्युलिनचा शोध १९७० मधला.

द्रावणात लॅक्टेटची भर १९३०च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी घातली. रिंगर त्यापूर्वीच, १९१० मध्ये, यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम या खेड्यात निवर्तले होते.