गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर, पूर्वाश्रमीच्या गोदावरी गोखले (१४ ऑगस्ट १९०७, पुणे – ८ ऑक्टोबर १९९६), या महाराष्ट्रातील किसान चळवळीच्या नेत्या, प्रौढ साक्षरता मोहिमेच्या संघटक आणि मराठी लेखिका होत्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींना वेठबिगारीतून मुक्त करणाऱ्या १९४५ सालच्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी पती शामराव परुळेकर यांच्यासह केले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चळवळीत त्या 'गोदूताई' या नावाने ओळखल्या जात.

सुरुवातीचे जीवन

गोदावरींचे वडील लक्ष्मणराव गोखले हे पुण्यातील वकील होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांच्याच आप्तांपैकी. घरातील वातावरण सुशिक्षित आणि नेमस्त विचारांचे होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवल्यानंतर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्यामुळे १९३२ साली त्यांना कारावास झाला. या मार्गाला वडिलांची संमती नव्हती. पुढे त्या घर सोडून समाजकार्यासाठी मुंबईला आल्या आणि नामदार गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत.

प्रौढ साक्षरता मोहीम

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि प्रौढांच्या साक्षरतेच्या प्रश्नाला चालना मिळाली. १९३७-३८ या काळात गोदावरींनी या मोहिमेच्या संघटनाचे काम केले. महाराष्ट्रात प्रौढ साक्षरतेचे काम सुरू करणाऱ्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधण्याचाही प्रयत्न त्यांनी याच सुमारास केला.

प्रौढांना शिकवण्यातील अडचणी शाळकरी मुलांपेक्षा वेगळ्या असतात. प्रौढ विद्यार्थी दिवसभराच्या श्रमानंतर वर्गाला येतो. त्याच्या डोक्यात मजुरी, कर्ज आणि संसार यांचे विचार असतात. बालवाचनातील शब्द त्याला परके वाटतात. चारचौघांत चुकण्याचा संकोच वाटतो आणि शिकून काय पदरात पडणार, हा प्रश्न तो मनातल्या मनात विचारत असतो. या प्रश्नाचे उत्तर वर्गात मिळाले नाही, तर पाटीवर गिरवलेली अक्षरे थोड्याच दिवसांत पुसली जातात. गोदावरींच्या पुढील कार्याची दिशा पाहता, त्या या उत्तराच्या शोधात वर्गाबाहेर पडल्या असे म्हणता येते.

टिटवाळ्याची परिषद

भारत सेवक समाजातील सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी मे १९३९मध्ये गोदावरींचा विवाह झाला. त्यानंतर दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धविरोधी प्रचारामुळे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. सुटकेनंतर दोघांनी ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या संघटनेला वाहून घेतले. गावोगाव पायी फिरणे, ओटीवर किंवा झाडाखाली चार माणसे जमवणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, अशी ही कामाची पद्धत होती.

जानेवारी १९४५मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची स्थापना परिषद भरली. आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले टिटवाळे तेव्हा लहानसे गाव होते. या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली आले होते. त्यांच्यापैकी झरी गावचे माह्या धांगडा यांनी व्यासपीठावर उभे राहून वेठबिगारीची व्यथा सांगितली. जमीनदारासमोर मान वर करण्याची सोय नसलेल्या समाजातील माणूस हजारो शेतकऱ्यांपुढे बोलला, हीच या परिषदेची वारल्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी फलश्रुती होती. परिषद आटोपल्यानंतर परुळेकर दांपत्याने उंबरगाव व डहाणू तालुक्यांकडे मोर्चा वळवला.

वारल्यांमधील कार्य

उंबरगाव-डहाणू भागातील बहुतेक जमीन सावकार व जमीनदारांच्या हाती गेली होती. पूर्वी त्याच जमिनी कसणारे वारली तेथे कुळे म्हणून राबत. जमीनदाराच्या खाजगी शेतावर त्यांना विनामोबदला वेठ करावी लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनाही वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबावे लागे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि वारल्याला वाचता येत नसे, म्हणून कर्ज फिटले की नाही हे सावकारच ठरवी.

अशा ठिकाणी अक्षरओळखीपासून सुरुवात करणे शक्य नव्हते. पांढरपेशा माणूस दिसला की वारली बिचकत. गोदावरी पाड्यांवर राहिल्या, झोपडीत मिळेल ते अन्न त्यांनी खाल्ले आणि वारल्यांची बोली व बोलण्याची रीत समजून घेतली. कायद्याची पदवीधर स्त्री येथे आधी विद्यार्थिनी झाली. वेठ कशी घेतात, कर्ज कसे वाढते आणि मार कोणाला बसतो हे तिने वारल्यांकडून ऐकले. मग तीच माहिती जुळवून सर्वांसमोर मांडली. एका पाड्याचे दुःख दुसऱ्या पाड्यालाही आहे हे ऐकणाऱ्यांना कळू लागले आणि नशिबाचा भोग म्हणून सोसलेली गोष्ट माणसांनी लादलेली आहे, हे ध्यानात आले.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली. तिला सुमारे ५,००० वारली जमले होते. जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर रोज १२ आणे रोख मजुरी घेतल्याशिवाय काम करायचे नाही, वेठ करायची नाही आणि जमीनदाराने मारहाण केल्यास एकजुटीने प्रतिकार करायचा, असा निर्धार तेथे झाला. निर्णय थोडके होते आणि शब्द रोजच्या वापरातले होते. त्यामुळे लेखी पत्रकाशिवाय ते तोंडोतोंडी पाड्यापाड्यांवर पोहोचले. ते सांगणारे बहुसंख्य कार्यकर्ते स्वतः वारली होते. लाल बावटा ही या शिकवणुकीची सर्वांना ओळखता येणारी खूण ठरली. अल्पावधीतच वेठ बंद पडली आणि लग्नगडी मुक्त झाले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. या काळात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह ५ वारली मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्यावर बंदी घालण्यात आली, तरी चळवळ थांबली नाही. शिकलेली गोष्ट शिक्षकाच्या गैरहजेरीतही टिकली, हे तिच्या यशाचे गमक मानावे लागेल.

लेखन

झरी आणि त्यानंतरच्या काळाचा अनुभव गोदावरींनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितला. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यात लढ्याच्या इतिहासाइतकेच भित्र्या, अबोल माणसाचे मन कसे बदलत जाते याचे निरीक्षण आहे. 'बंदिवासाची आठ वर्षे' हे त्यांचे तुरुंगातील अनुभवांवरील पुस्तक आहे.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस येथे श्रमिकांच्या रोजच्या जीवनातील शब्द घेऊन साक्षरतेचे वर्ग चालवले. पुढे त्यांचे विचार जगभर प्रौढ शिक्षणाचा आधार बनले. शिकणाऱ्याच्या परिस्थितीपासून सुरुवात करणे आणि शिक्षकाने आधी स्वतः शिकणे, ही त्यांची दोन्ही तत्त्वे ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर १९४५ सालीच आचरणात आलेली दिसतात. फरक इतकाच, की फ्रेरींचा विद्यार्थी अक्षरे शिकत असताना बोलू लागला, तर वारली आधी बोलू लागला आणि त्याच्या मुलाबाळांसाठी शाळा नंतर आली.

उत्तरायुष्य

१९६१ साली आदिवासी प्रगती मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या द्वारे तलासरी भागात आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू झाले. १९६४ साली कम्युनिस्ट पक्षात फूट पडल्यावर गोदावरी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिल्या. १९६५ साली कारावासात असताना शामरावांचे निधन झाले. त्यानंतरही तीन दशके त्या सार्वजनिक कार्यात होत्या. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या भागात एके काळी हिशेबाची वही वाचू शकणारा वारली सापडणे कठीण होते, त्या तलासरीत आज त्यांच्या नावाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.