गॅलेनाचा खडा

माझे शिक्षण खेड्यातल्या मराठी शाळेत झाले. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. म्हणून जगदीशचंद्र बोस मला जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, बंगालमधला. वडील सरकारी अधिकारी. तरी मुलाला त्यांनी बंगाली शाळेतच घातले. शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुले त्याचे सोबती झाली. पुढे केंब्रिजला शिकून जगदीशचंद्र १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकाला तेथे गोऱ्यापेक्षा पगार कमी. वडिलांवर कर्ज होते. तरी तीन वर्षे त्यांनी पगाराला हात लावला नाही, पण शिकवणेही सोडले नाही. अखेर सरकार नमले आणि मागचा सारा पगार पूर्ण मिळाला.

तुटपुंज्या साधनांनिशी ते विद्युत्-लहरींचा अभ्यास करीत. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा वापरून त्यांनी लहरी ओळखणारे उपकरण केले. १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे अशा खड्यावर तारेचे टोक टेकवून रेडिओ बनले. साध्या तारेतून वीज दोन्ही दिशांनी सारखीच वाहते. या सांध्यातून मात्र एका दिशेने सहज जाते, उलट येताना अडते. सायकलच्या व्हॉल्वमधून हवा आत जाते, बाहेर येत नाही, तसेच हे. डायोड म्हणतात तो हाच.

१९३७ मध्ये ते निवर्तले. ट्रान्झिस्टर आला १९४७ मध्ये.

इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसताना मला आता त्या बंगाली शाळेची आठवण होते, आणि मान थोडी ताठ होते.