जोतीराव फुले आणि मोजके पाणी

छत्रपती संभाजीनगराकडील कमी पावसाच्या मुलुखात मातीविना भाजीपाला पिकविण्याची रीत हल्ली शिकविली जाऊ लागली आहे. पिकास लागणारी खते पाण्यात विरघळवून ते पाणी मुळांशी खेळवितात, व उरलेले पुन्हा वापरतात. ही विद्या नवी खरी. परंतु पाणी मोजून घ्यावे व पाण्यातील कस जपावा, हे कुणब्यास सांगणारे जोतीराव फुले आपल्याच देशी होऊन गेले.

त्यांचा जन्म १८२७ साली माळी कुळात झाला. घरचा धंदा फुलांचा व भाजीपाल्याचा. वडील गोविंदराव ह्यांनी त्यांस शाळेतून काढून मळ्यात घातले होते. पुढे गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या शेजाऱ्यांनी भीड घातली, म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४८ सालची मुलींची शाळा व १८७३ सालचा सत्यशोधक समाज वाचकांस ठाऊक आहेत. आम्हांस त्यांच्या शेताविषयी सांगावयाचे आहे.

खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कालव्याने पुण्याच्या पूर्वेकडील गावांत आले, तेव्हा शेतकरी ते घेण्यास कचरत. जोतीरावांनी मांजरीस जमीन घेऊन कालव्यावर बागाईत करून दाखविली. व्याख्यान देण्यात ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु कुणब्याचा विश्वास कानापेक्षा डोळ्यावर अधिक, हे त्यांस माळ्याच्या पोटी जन्मल्यामुळे कळत असावे.

१८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात त्यांनी पाण्याचा विचार बारकाईने केला आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचा कस पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यास वाहून जातो. तो अडविण्यास सरकारने रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीस मिळेल, असे ते सुचवितात. कालव्याचे पाणी वेळेवर मिळत नाही व पट्टी मात्र चुकत नाही, ही कुणब्याची कैफियतही त्यांनी निर्भीडपणे मांडली. त्यावर त्यांचा तोडगा असा की, प्रत्येक शेतास त्याच्या गरजेपुरती एकेक तोटी बसवून द्यावी. मग कोणास अधिक घेता येणार नाही व कोणाचे बुडणार नाही.

१८८८ साली पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. शेताशेतास तोटी काही त्यांच्या हयातीत बसली नाही.