महर्षी शिंदे यांना कोणत्या मापाने मोजावे?

स्मरणिकेत थोर व्यक्तींची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र निवडले, ते हेतुपूर्वक. आपल्या घरांतून हे नाव क्वचितच ऐकू येते. काहीजण त्यांना उपकारकर्ता मानतात. काहीजण सवर्णांच्या दयाबुद्धीचा नमुना म्हणून बाजूला सारतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या नीतीने तोलावे काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात जितका ठळकपणे उभा राहतो, तितका फार थोड्या चरित्रांत राहत असेल.

विठ्ठल रामजींचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका वारकरी मराठा कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. एवढ्या शिक्षणावर मोठी नोकरी सहज लाभली असती. परतल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकार्य पत्करले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केले. परळच्या शाळेपासून सुरू झालेले हे काम पुढे अनेक गावी पसरले. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. भगिनी जनाबाई आणि घरातील इतर मंडळीही या कामात उतरली. अस्पृश्य मुलांबरोबर एका छपराखाली राहणे आणि एका पंगतीत जेवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुण्यातील अहिल्याश्रम हे त्याच श्रमाचे फळ. १९१७ साली काँग्रेसने कलकत्त्यास अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागेही त्यांची खटपट होती.

आता चरित्राची दुसरी बाजू. १९१९ साली साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला. तरुण भीमराव आंबेडकरांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत, अशी मागणी केली. मिशनच्या बाजूने मात्र हे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना पुढे आली. मे १९२० मध्ये नागपूरला राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची परिषद भरली आणि तिने या भूमिकेचा स्पष्ट निषेध केला. ज्याने शाळा उघडल्या, त्याने मत मात्र दुसऱ्यांच्या हाती ठेवू पाहिले, हे शल्य होते.

अशा वेळी काळ वेगळा होता, असे म्हणून प्रश्न मिटवण्याची सवय असते. आम्हांस ती पळवाट वाटते. शिंदे यांच्यावरील आक्षेप आज कोणी शोधून काढलेला नाही. तो त्यांच्या हयातीत, ज्यांच्यासाठी ते झटत होते त्या समाजानेच घेतला होता. काळ वेगळा होता असे म्हणताना तो काळ केवळ वरच्या जातींचा होता असे आपण गृहीत धरतो, आणि नागपुरात जमलेली माणसे जणू त्या काळात नव्हतीच असे ठरवतो.

परंतु न्याय करायचा तर पुरताच करावा. शिंदे यांचा जातवार प्रतिनिधित्वाला तत्त्वतः विरोध होता, आणि तो त्यांनी स्वतःलाही लागू केला. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा असताना ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले आणि हरले. १९२३ साली ते मिशनच्या कारभारातून दूर झाले. सत्याग्रहात भाग घेऊन १९३० साली त्यांनी कारावास भोगला. ब्रह्मदेशात जाऊन तेथील बौद्ध समाजाचे आणि तेथील बहिष्कृतांचे निरीक्षण केले. १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे मत चुकले असे आम्ही म्हणतो. ते स्वार्थापोटी चुकले असे म्हणण्यास आधार नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना परंपरेवर वा गुरूच्या मोठेपणावर विसंबून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. व्यक्तीच्या बाबतीतही तीच कसोटी लावावी. कृती लोकहिताची होती काय, आणि ज्यांचे हित साधायचे त्यांचे म्हणणे ऐकले गेले काय, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्यात महर्षी शिंदे उत्तीर्ण होतात, दुसऱ्यात उणे पडतात. दोन्ही उत्तरे एकाच चरित्रात शेजारी शेजारी लिहिण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लवकरच सोलापुरास तिचे वसतिगृह निघाले. आपल्या चौसाळ्यावरून जाणारा रस्ता त्याच सोलापुरास पोहोचतो. शिंदे यांच्या वसतिगृहात समाजाच्या मुलांना आसरा मिळाला. सभेच्या वसतिगृहात आसऱ्याबरोबर कारभारही समाजाच्या हाती आला. आपली निवासी शाळा या दुसऱ्या वाटेवरची आहे, पण पहिली वाट कोणीतरी पायांनी मळली होती, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आणखी शंभर वर्षांनी कोणी आपल्यालाही मोजील. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले आपण सांभाळतो, एवढ्यावर तो थांबणार नाही. त्या आईबापांना आणि त्या मुलांना आपण कधी काही विचारले काय, हेही तो पाहील. त्याचे उत्तर लिहिण्याची वेळ मात्र आजचीच आहे.