चित्रकार पेस्तनजी बोमनजी

जालन्याहून भोकरदनमार्गे उत्तरेकडे गेले म्हणजे अजिंठ्याचे डोंगर लागतात. तेथे वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या उभ्या कड्यात जगप्रसिद्ध लेणी कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा एक तरुण चित्रकार या लेण्यांत वर्षानुवर्षे राबला. त्याचे नाव पेस्तनजी बोमनजी.

पेस्तनजींचा जन्म १८५१ मध्ये एका पारशी कुटुंबात झाला. लहान वयातच ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. त्यांचा ओढा प्रथम शिल्पकलेकडे होता. पण पुढे जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकांच्या हाताखाली ते चित्रकलेकडे वळले.

अजिंठ्याची चित्रे काळाच्या ओघात झडू लागली होती. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून त्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. परंतु १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाल्या. म्हणून १८७२ मध्ये मुंबई सरकारने हे काम ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांच्यावर सोपवले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी प्रमुख होते.

हे काम सोपे नव्हते. लेण्यांत उजेड बेताचा. भिंतींवर कोठे काजळी चढलेली, कोठे गिलावा निखळलेला. शिवाय मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर खनिज रंगांनी काढलेली, तर प्रतिकृती कापडावर तैलरंगांत करावयाच्या. कोरड्या भिंतीवरची छटा तेलकट रंगांत साधण्यासाठी रंग पुनःपुन्हा मिसळून पाहावे लागत. पापणीची रेषा किंवा बोटांचा बाक किंचित चुकला, तरी बोधिसत्त्वाच्या मुखावरील करुणा हरपे. त्या प्राचीन चित्रकारांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. तरी पेस्तनजींचे ते गुरूच ठरले.

पुढे दिल्ली दरबाराचे चित्र काढण्यासाठी व्हॅलेंटाइन प्रिन्सेप हे इंग्रज चित्रकार भारतात आले. १८७७ मध्ये त्यांच्याकडून पेस्तनजी तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकले. भिंतीवरचा चेहरा स्थिर असतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र क्षणोक्षणी बदलतो. तेथे उतरवून घेण्यास आधीचे चित्र नसते. चित्रकाराला स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. ही विद्या हस्तगत झाल्यावर पेस्तनजींनी पारशी घरांतील साधी माणसे रंगवली. पोपटाला खाऊ घालण्याचे त्यांचे १८८२ मधील चित्र प्रसिद्ध आहे.

तेरा वर्षांत अजिंठ्याच्या सुमारे ३०० प्रतिकृती तयार झाल्या व त्यांतील पुष्कळशा लंडनला गेल्या. दुर्दैवाने १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रे जळाली. एवढ्या वर्षांचे श्रम क्षणात गेले! तथापि सर्वच नष्ट झाले नाही. उरलेल्या प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ चित्रांचा जो भाग त्यानंतर पुसट झाला, तो पूर्वी कसा होता हे त्यांवरून अभ्यासकांना कळते. आणि त्या श्रमांनी पेस्तनजींच्या हाताला आलेले वळण तर कोणत्याही आगीला जाळता येण्याजोगे नव्हते.

१९३८ मध्ये पेस्तनजी निवर्तले. थोरांच्या कृती निष्ठेने गिरवाव्यात, आणि हात तयार झाला म्हणजे आपल्या दृष्टीने जगाकडे पाहावे, हेच त्यांचे चरित्र आपल्याला शिकवते.